पाइपाचे साडेसातशे रुपये

इंजिनाला जीपच्या मालकानं एक लाख दहा हजार रोख मोजले होते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या प्लेटचे लेथवाल्यानं सांगितले तेवढे पैसे घासाघीस न करता दिले. पण पाण्याच्या दोन पाइपांचे साडेसातशे म्हटल्यावर मालक खुर्चीत पुढं सरकून बसला. "मिस्त्री, रबराचा पाइपच हाय ना तो? साडेसातशे कशाला लागतेत? माझ्या शेतात ठिबकचं अख्खं बंडल पडलंय. आणू का तुकडा?"

मी हसलो नाही. ठिबकच्या नळीवर चाललेली जीप मी पाहिलेली आहे. आपल्याकडं जीपला हीटर नसतो, मग इंजिनाची हीटरकडं जाणारी दोन तोंडं मोकळी राहतात. कुणीतरी ती सोळा मिलिमीटरच्या काळ्या लॅटरलनं एकमेकांना जोडून दिली होती. मापही बरोबर बसतं, हीच पंचाईत. गार असताना दिसायला झकास. इंजिन तापलं की ती नळी भिजवलेल्या शेवईसारखी मऊ पडते आणि क्लिपेतून निसटते. त्या जीपचं पाणी मानवतच्या अलीकडं रस्त्यावर सांडलं आणि मालकाला कळेपर्यंत हेड वाकलेलं होतं.

परभणीत जिंतूर रोडला माझं गॅरेज आहे. तीस वर्षांहून जास्त काळ जीपांचंच काम करतो. एका गाडीचं इंजिन काढून दुसरीत बसवायचं, ज्याला आम्ही इंजिन चेंज म्हणतो, ते काम हाताखालून बरंच गेलं. त्या अनुभवावर बोलतो: पाण्याची वाट कुठून कशी जाणार, हे इंजिन विकत घ्यायच्या आधी ठरवा. आधी इंजिन बसवू, पाइपाचं मागून बघू, हा क्रम उलटा आहे. आणि मे महिन्यात जिथं पारा चव्वेचाळिसाला टेकतो त्या गावात तो फार महाग पडतो.

शहरातल्या वाचकाला वाटेल, २०-२५ वर्षांच्या जीपमध्ये लाख रुपये घालतं कोण? पावसाळ्यात एकदा आमच्या पाणंद रस्त्यांवर या. काळी माती भिजली की टायरला अशी चिकटते की चाक आहे का गाऱ्याचा गोळा, कळत नाही. राज्य सरकारनं २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना आणली, काही रस्ते झालेही. पण सोयाबीन काढायच्या दिवसांत पाऊस लागला की बऱ्याच शिवारांत अजून ट्रॅक्टर नाहीतर चारही चाकं ओढणारी जीप, एवढेच दोन पर्याय उरतात. ट्रॅक्टरवर म्हातारीला दवाखान्यात नेता येत नाही. ऑफ-रोड हा मुंबई-पुण्यात रविवारचा खेळ असेल, आमच्याकडं तो घरी जायचा रस्ता आहे.

आणि जीपमध्ये इंजिन बदलणं ही काही आजची टूम नाही. १९४७ नंतर महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली तेव्हा आत पेट्रोलचं इंजिन होतं. ते पेट्रोल इतकं पीत असे, की पुढं डिझेल स्वस्त दिसू लागल्यावर लोकांनी त्याला रामराम ठोकला. कुणी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल बसवलं, कुणी मेटॅडोरचं. कंपनीनं स्वतःही तेच केलं: आधी इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या जातीचं इंजिन जीपमध्ये आलं, मग प्यूजोचं परवान्यावर बनवलेलं २११२ सीसीचं एक्सडीपी, पुढं अडीच लिटरचं. म्हणजे एकाच सांगाड्यात कंपनीनंच तीन-चार घराण्यांची इंजिनं नांदवली. फरक एवढाच, की कंपनीनं इंजिन बदललं तेव्हा रेडिएटर, पंखा आणि पाइपाचे साचेही बदलले. आम्ही गॅरेजवाले इंजिन बदलतो आणि रेडिएटर जुनाच ठेवतो.

खरी भानगड इथून सुरू होते.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलची उष्णता ढोबळमानानं तीन वाटांनी जाते. एक हिस्सा चाकं फिरवतो, एक सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि साधारण तिसरा हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. पाणी हेडच्या वरून, थर्मोस्टॅटच्या तोंडातून निघतं, वरच्या पाइपानं रेडिएटरच्या डोक्यात शिरतं, नळ्यांतून गार होत खाली उतरतं आणि खालच्या पाइपानं वॉटर बॉडीत, म्हणजे पाण्याच्या पंपात, परत येतं. वाट एवढीच. कंपनीच्या गाडीत ही वाट दीड-दोन फुटांची असते आणि तिच्यासाठी साच्यात वाकवलेला पाइप मिळतो.

इंजिन दुसरं आलं की त्याचं तोंड डावीकडं निघतं आणि रेडिएटरचं उजवीकडं असतं. पाइपाला पंख्यासमोरून आडवं जावं लागतं. इंजिनाचं भोक बत्तीस मिलिमीटरचं, रेडिएटरचं अडतीसचं. खालच्या बाजूला स्टिअरिंगचा दांडा मधे येतो. सायलेन्सरचं मॅनिफोल्ड दोन बोटांवर असतं. पंखा रेडिएटरच्या मधोमध यायचा तो एका कोपऱ्यात हवा मारत बसतो. प्रत्येक अडचण स्वतंत्र पाहिली तर अर्ध्या तासाची. सगळ्या एकत्र आल्या की मिस्त्री दमतो आणि शेवटी सरळ पाइप घेऊन तो हातानं वाकवून कोंबतो. मीही कोंबलेला आहे.

२०११ च्या मे महिन्यातली गोष्ट. जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची जुनी पेट्रोल जीप होती. भंगारात निघालेल्या कमांडर जीपचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन मी तिच्यात बसवलं. बसलंही झोकात. अर्धा तास गॅरेजसमोर चालू ठेवलं, काटा मधे स्थिर, गळती नाही, पेढे झाले. चौथ्या दिवशी खताच्या गोण्या भरून तो येलदरीच्या बाजूला निघाला. अजिंठ्याच्या रांगेची शेपूट आपल्या जिल्ह्यात जिंतुरातच शिरते, त्यामुळं परभणीकराला चढ म्हणजे काय ते तिथंच कळतं. चढावर गाडीनं पाणी फेकलं.

तो बिचारा पुन्हा घेऊन आला. मी रेडिएटरवर संशय घेतला, रेडिएटरवाल्याकडं देऊन नळ्या साफ करून घेतल्या. पुन्हा चढावर तेच. मग थर्मोस्टॅट काढला. त्यानं बिघडलंच जास्त, त्याचं पुढं सांगतो. मग पंप बदलला. प्रत्येक वेळी मालकाच्या खिशातून पैसे आणि माझ्या तोंडून नवं निदान. शेवटी गॅसकेट गेलं.

कारण सापडलं ते योगायोगानं. बॉनेट उघडं होतं, पोरगं आत बसून रेस देत होतं आणि मी पान्याच्या शोधात वाकलेलो. रेस वाढली तसा खालचा पाइप माझ्या डोळ्यांदेखत चपटा होत गेला, चोखलेल्या आंब्यासारखा. रेस सोडली की फुगून पुन्हा गोल. वरच्या पाइपात पाणी दाबानं येतं, पण खालच्यातून पंप ते ओढत असतो. पाइप मऊ असेल, त्यात तो हातानं वाकवलेला असेल, तर पंप त्याला आतूनच चोखून घेतो आणि पाण्याची वाट बंद होते. नेमकी तेव्हाच, जेव्हा इंजिनावर सगळ्यात जास्त भार असतो. म्हणून काही कंपन्या खालच्या पाइपात तारेची स्प्रिंग घालतात. जुन्या पाइपात ती होती. गंजलेली म्हणून मीच काढून फेकली होती.

हेड प्लेन करायचा आणि गॅसकेटचा खर्च मी सोसला, मजुरी घेतली नाही. तो पाइप अजून गॅरेजात खिळ्याला टांगलेला आहे. नवं पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी त्याला तो हातात देतो आणि दाबायला लावतो.

त्या प्रकरणात मला एक गोष्ट जास्त खुपली. मालक शपथेवर सांगत होता, "काका, काटा तर मधेच होता." मला वाटलं, खोटं बोलतोय. तो खरं बोलत होता. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच नीट आकडा दाखवतो. पाणी खाली गेलं, भोवती हवा आणि वाफ उरली, की काटा मधे रेंगाळतो, कधी तर चक्क खाली येतो. हेड भाजून निघत असतं आणि काटा म्हणतो सगळं ठीक. चालकांनी एवढं तरी पाठ करावं: गाडी चढावर असताना गरमीचा काटा अचानक खाली आला, तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या.

हवेचा हा त्रास इंजिन चेंजमध्ये हमखास होतो. जुन्या इंजिनापेक्षा नवं उंच असतं, मग हेडचं तोंड रेडिएटरच्या झाकणापेक्षा वर जातं. हवा वर चढते, हे विहिरीच्या मोटारीवर हवा धरलेली पाहिलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाणी भरताना झाकणापर्यंत आलं की आपण म्हणतो भरलं, पण हेडच्या टोकाला हवेचा फुगा तसाच बसून राहतो. याला उपाय दोनच. पाइपाची वाट अशी काढा की ती इंजिनापासून रेडिएटरकडं सतत चढती राहील, मधे उंटाची पाठ नको. तसं जमत नसेल तर सगळ्यात उंच जागी हवा सोडायला स्क्रू बसवा किंवा पाणी भरायची टाकीच त्या उंचीच्या वर न्या. अमेरिकेतले हौशी लोक जुन्या जीपांत शेवरोलेचं एलएस जातीचं व्ही-८ इंजिन बसवतात. त्या इंजिनाच्या हेडमधून वाफ निघायला कंपनीनंच बारीक नळी दिलेली असते आणि ती बंद करून टाकणाऱ्यांच्या गाड्या उकळतात. म्हणजे तिथलं पेट्रोल महाग इंजिनात जळतं, एवढंच. चूक परभणीचीच.

आता वाट काढायची कशी, ते सांगतो. माझ्या उस्तादांनी शिकवलेली पद्धत आहे आणि तिला खर्च शून्य. इंजिन फाउंडेशनवर नुसतं टेकवायचं, बोल्ट पक्के करायचे नाहीत. वेल्डिंगची जाडसर काडी, तिचं वरचं मसाल्याचं आवरण झाडून घेतलेली, किंवा बांधकामाची तार घ्यायची. इंजिनाच्या तोंडापासून रेडिएटरच्या तोंडापर्यंत ती हवेत फिरवून वाकवायची. पंख्याच्या पात्यापासून, बेल्टपासून, स्टिअरिंगच्या दांड्यापासून दोन बोटं लांब. सायलेन्सरपासून चार बोटं, आणि ती मिळत नसतील तर मधे पत्र्याची आड. मग ती वाकलेली काडी घेऊन स्टेशन रोडला जायचं आणि दुकानदाराला सांगायचं, "या वळणाचा पाइप दे, गाडी कुठलीही असो." चांगल्या दुकानदाराला नजर असते. तो माळ्यावरून कुठल्यातरी टेम्पोचा खालचा, कुठल्यातरी कारचा वरचा पाइप काढतो आणि काडीला लावून बघतो. एका पाइपात जमलं तर नशीब. नाही तर दोन साच्यातले पाइप कापून मधे लोखंडी किंवा पितळी नळीचा तुकडा घालतो. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना लेथवर कॉलर उठवून घेतलीच पाहिजे, नाहीतर क्लिप कितीही आवळा, पाइप गुळगुळीत नळीवरून घसरत येतो.

काडीची ही पद्धत इंजिनाचे बोल्ट पक्के व्हायच्या आधी केली तर कधी कधी इंजिन अर्धा इंच मागं घेतलं की सगळा पेच सुटतो. बोल्ट पक्के झाल्यावर तो अर्धा इंच मागायचा कुणाला? आधी-मागून या शब्दांवर मी एवढा का अडून बसलोय, ते यावरून कळावं.

एक गोष्ट मात्र काडी सांगत नाही. रेडिएटर चेसिसला बांधलेला असतो आणि इंजिन रबराच्या फाउंडेशनवर डोलत असतं. रेस दिली की ते एका अंगाला कलतं. नांगरटीच्या ढेकळांतून जीप गेली की चेसिसही पिळते. पाइप ताणून बसवला असेल तर हा सगळा मार क्लिपेवर येतो, किंवा रेडिएटरच्या तोंडावर, जिथं झाळलेला सांधा असतो. रेडिएटरवाल्याकडं दर सहा महिन्यांनी त्याच जागी डाग मारायला येणारी जीप असेल, तर त्यात रेडिएटरचा दोष नसतो. गुरांच्या दाव्यासारखा पाइपाला थोडा ढील लागतो. फार ढील दिला तर तो बेल्टवर घासतो. हे मापात सांगता येत नाही; पोराला बॉनेटसमोर उभं करून, ब्रेक दाबून, गिअरमध्ये रेस देऊन इंजिन किती हलतं ते दाखवावं लागतं.

ऑफ-रोडचं आणखी एक. लोकांना वाटतं, गाडी जोरात पळाली की तापते. हायवेला समोरून वारा असतो. शेतात, चिखलात, गोदावरीच्या पात्रातल्या रेतीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात कण्हत चालते, वारा शून्य, इंजिन पूर्ण जोरावर, सगळी भिस्त पंख्यावर. आणि तो पंखा कोपऱ्यात हवा मारतोय. पंख्याभोवती पत्र्याचं कडं नसेल तर तो रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बॉनेटखालची गरम हवाच घुसळतो. जुन्या जीपांचं ते कडं भंगारात गेलेलं असतं. पाचशे रुपयांच्या पत्र्यात नवं होतं.

आता माझ्याच जातभाईंबद्दल. मिस्त्र्यांनो, थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय सोडा. आपल्याकडं याला वॉल म्हणतात, आणि गाडी गरम झाली की पहिला बळी त्याचा. "इथं कुठं बर्फ पडतो? कशाला पाहिजे वॉल?" मी स्वतः हे वाक्य शेकडो वेळा बोललोय. पण बऱ्याच इंजिनांत हा वॉल दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची, म्हणजे आतल्या आत फिरायची, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. गरम पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरकडं न जाता इंजिनातच गोल फिरत बसतो. थंडीत उलटं. डिसेंबर-जानेवारीत परभणीची पहाट कशी असते ते कृषी विद्यापीठाचे आकडे दरवर्षी पेपरात येतातच. वॉल नसलेलं इंजिन त्या थंडीत नीट तापतच नाही, धूर सोडतं आणि डिझेल पितं. एखाद्या चहाच्या पातेल्यात वॉल टाकून बघा, पाणी उकळायच्या आधी तो उघडतोय का. उघडत असेल तर त्याचा काही गुन्हा नाही.

आणि मालकहो, बोअरचं पाणी. आपल्या जमिनीखाली बेसाल्टचा काळा दगड आहे आणि त्यातलं पाणी किती जड असतं ते घरातल्या पातेल्याच्या बुडाला विचारा. तोच पांढरा थर इंजिनाच्या आत, सगळ्यात गरम जागी बसतो. कूलंटचा डबा घ्या. नुसत्या पाण्याला शंभर अंशांची मर्यादा आहे. तेरा पौंडांचं दाबाचं झाकण लावलं की तीच मर्यादा एकशे अठरा-वीसपर्यंत जाते, आणि कूलंट घातलं की आणखी वर. म्हणजे ऐंशी-शंभर रुपयांचं झाकण तुम्हाला जवळजवळ वीस अंश फुकट देतं. त्याचं रबर फाटलंय का ते कोण बघतं? आणि हो, जुनं कूलंट गॅरेजसमोर ओतू नका. ते चवीला गोड आणि पोटात विष असतं. शेळी, कुत्रं, कोण चाटेल सांगता येत नाही.

इथवर वाचून एखादा म्हणेल, मिस्त्री, तुम्ही शहाणे आहात तर सगळ्यांना शिकवा. शिकवायचं कुठं? आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना कूलिंग सिस्टिम शिकवतात, पण ती एका कंपनीच्या एका इंजिनाची, जिथं पाइप कारखान्यातूनच वाकून आलेला असतो. परभणीच्या गॅरेजांत रोज जे घडतं ते अभ्यासक्रमात नाही, कारण कागदोपत्री ते घडतच नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की कंपनीनं दिलेला तपशील आणि नोंदणी पुस्तकातला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. कायदा कडक आहे आणि त्यामागं कारणंही आहेत. ब्रेक जुने ठेवून दुप्पट ताकदीचं इंजिन बसवणारे मी पाहिलेत, त्यांच्यासमोरून माझी नातवंडं शाळेत जातात. म्हणून माझा पहिला सल्ला माझ्याच धंद्याच्या विरोधात आहे: शक्य असेल तर आहे तेच इंजिन बोअर करून, पिस्टन-रिंगा बदलून घ्या. ते पाइप, ते तोंड, तो पंखा सगळं जागच्या जागी राहतं. बदलायचंच असेल तर पैसे देण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा. एमएच-२२ च्या आरसी बुकात एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, अशी गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग ना मिस्त्री कामाला येतो ना इंजिन विकणारा.

पण कायद्याच्या या दाराआड जे काम चालतं ते थांबलेलं नाही. ते बिलाविना आणि बोलल्याविना चालतं. एकाच्या चुकीवरून दुसरा शिकत नाही, कारण चूक झाली हे सांगायची सोय नाही. मागणी माझी साधी आहे. जिल्ह्यातल्या आयटीआयनी वर्षातून चार शनिवार जुन्या मिस्त्र्यांना बोलवावं. आम्ही काडी घेऊन येऊ. आणि आरटीओनं फिटनेसला आलेल्या जुन्या जीपांचं बॉनेट उघडून दोन मिनिटं पाइप दाबून बघावेत. क्लिपेच्या जवळ दाबायचा. रबर आतून कुजायला तिथूनच लागतं. वरून चकचकीत आणि बोटाखाली पिचपिचीत लागला तर ती गाडी कुणाची तरी म्हातारी घेऊन येलदरीच्या चढावर उभी राहणार आहे.

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" असं आपल्या गावाबद्दल बोलतात. म्हणणारे म्हणोत. पण गाडीच्या कामात ही वृत्ती आपल्यात खरोखर शिरलीय. जमलं तर जमलं, नाही तर ठिबकची नळी.

त्या दिवशी साडेसातशेवाल्या मालकाला मी खिळ्यावरचा जुना पाइप काढून हातात दिला आणि २०११ ची सगळी हकिगत सांगितली. त्यानं पाइप दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग म्हणाला, "सातशे करा." सातशेला तुटलं. स्प्रिंग मी माझ्याकडची घातली.

तुमची गाडी दाखवायची असेल तर जरूर आणा, बघायचे मी पैसे घेत नाही. पण सकाळी नऊच्या आत या. आणि वाटेत गाडीनं पाणी फेकलंच, तर अर्धा तास सावलीत थांबा. तोवर रेडिएटरच्या झाकणाला कुणालाही हात लावू देऊ नका. माझ्या उजव्या मनगटावरचा डाग त्याचाच आहे.